गुरुवारची गाडी

२५ सप्टें., गुरु.
काटेवाडी सोडली आणि वायपर मेला. डाव्याला आधीच अर्धांगवायू होता, आज उजवाही गेला. पाऊस असा की बॉनेट दिसेना. पहिल्या टपरीशी गाडी रस्त्याखाली घेतली, चारी दिवे लुकलुकत ठेवले (ते थांबलेल्या गाडीला लावायचे, चालत्या गाडीला नाही, हे मला आता पाठ आहे) आणि बसून राहिले. टपरीवाल्यानं खिडकीतून चहा दिला. "सिस्टरबाई, ह्या पावसात कुठं निघालाय?" म्हटलं बहिणीकडं, शेळगावला. "मग फोन करायचा की!"

फोन. जो तो हेच सांगतो. अक्काला दोन्ही कानांनी ठार ऐकू येत नाही. वाचता येत नाही. व्हिडिओ कॉल लावून दिला तर फोन उलटा करून मागे बघते, मी तिथं आहे का म्हणून. तिच्याशी बोलायचं तर समोर बसावं लागतं, ओठ आणि हात दिसावे लागतात. एसटीची पायरी माझ्या गुडघ्याला चढवत नाही, आणि फाट्यापासून तिची वस्ती कुठल्या कुठं आत. मग राहिली ही गाडी.

पोचले तेव्हा दुपार झालेली. अक्का ओसरीवर उपाशी. गुरुवारी मी गेल्याशिवाय घास घेत नाही, शुगरची गोळी मात्र सकाळीच गिळून बसते. हात थरथरत होते. आधी साखरपाणी दिलं, मग भाकरी कुस्करली. दोन घास पोटात गेल्यावर तोंड सुटलं. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ओरडूनच बोलते. "बेबेऽ, किती उशीर गं!"

मला बेबे म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलंय. बाकी सगळ्यांची मी सिस्टरबाई, नाहीतर आई, नाहीतर आजी.

२७ सप्टें., शनि.
बारामतीत रफिकभाईच्या गॅरेजवर. टोपी काढून स्वतःच्या टकलावरून हात फिरवला नि म्हणाला, "सिस्टर, तुमचं टायर आन् हे, दोन्हीत फरक न्हाय बगा." ओल्या रस्त्यावर असल्या टायरनं ब्रेक मारायचा म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. चारी बदलले. वायपर नवे, बॅटरी तपासली, ब्रेक तपासले, खाली धुक्याचे पिवळे दिवे बसवले. हे असताना गाडीला इतकं कधी कुणी जपलं नव्हतं.

हे गेल्यावर वर्षभर गाडी पत्र्याखाली धूळ खात उभी. मग साठीला आल्यावर ड्रायव्हिंगचा क्लास लावला. सगळी कॉलेजची पोरं, आणि मधे मी. पोरं हसली. उपकेंद्रात तीस गावची बाळंतपणं केलेली बाई गिअरला काय घाबरणार, असं मनात म्हणत होते. घाबरत होतेच.

संध्याकाळी निखिलचा फोन, पुण्याहून. वायपरचं बोलून गेले ती चूक. "आई, विकून टाक ना गाडी." म्हटलं, आत्ताच टायर घातलेत. "मग चांगली किंमत येईल." हसावं का रागवावं कळेना. रागावले.

९ ऑक्टो., गुरु.
लासुर्ण्याच्या अलीकडे ओढ्याचं पाणी रस्त्यावरून चाललेलं. मोटारसायकलवाले पाय वर घेऊन जात होते. एक जीप गेली. मागचा हॉर्न वाजवतोय, "जावा की आज्जी, गुडघाभर बी न्हाय." गुडघ्याचं मला सांगतो! ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्यात गाडी घालायची नाही, हे मी ठरवलंय. खाली रस्ता आहे की खचलाय कुणाला माहीत.

बराच वेळ पाण्याकडं बघत उभी राहिले. उतरेना. गाडी वळवली.

मंगलला, अक्काच्या सुनेला, फोन केला. म्हटलं खुणेनं सांग, मी येत नाही. "सांगितलं वं मावशी. मान हालवत्यात आन् परत रस्त्याकडं बघत्यात." चार वाजता जेवली म्हणे. मी केलं ते बरोबरच केलं. बरोबर करून इतकं वाईट वाटतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

२२ ऑक्टो., बुध.
निखिल (नि.) दिवाळीला दोन दिवस आला होता. जाताना विषय काढलाच. अक्काला तू इकडं आण, म्हणाला. आणली होती ना! तीन दिवस दार शोधत घरभर फिरली, न ऐकू येणाऱ्या माणसाला परक्या घरात किती भीती वाटते ते मी बघितलंय. मग तू तिकडं राहा, म्हणाला. मंगलच्या दोन खोल्यांत मी कायमची पाहुणी? बरं, मग उन्हं चढल्यावर जात जा, असली घाई कशाला. घाई त्या गोळीची आहे, बाळा. मी दहाला पोचले तरी तिला जड जातं.

शेवटी त्यानं शब्द घेतला. या हिवाळ्यात गाडीला किंवा मला काहीही झालं, तर गाडी विकायची, मी पुण्याला. काही नाही झालं तर तो परत विषय काढणार नाही. मी हो म्हटलं. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून म्हणायला लावलं, वर स्वतःच हसला. जाताना मिठी मारली तेव्हा मात्र हसत नव्हता. बापाला गमावलेलं पोर आहे. त्याची भीतीही खोटी नाही.

पणत्या विझल्यावर घर एकदम मोठं झालं.

६ नोव्हें., गुरु.
कारखाने सुरू झाले. रस्ता आता उसाच्या ट्रॉल्यांचा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं दिवा असेल तर नशीब. शेतातून निघताना चाकाला जेवढा काळा चिखल लागतो तेवढा सगळा डांबरावर आणून सांडतात. कोरडा असला तर धूळ. काल रात्री अवकाळी पडला, आज साबण.

अंथुर्ण्याच्या पुढं गाडीचं ढुंगण सरकलं. सावकाश होते तरी. ब्रेकवर पाय जात होता तो आवरला, ॲक्सिलेटर सोडला, स्टिअरिंग घट्ट धरलं. सरळ झाली. समोरून कुणी नव्हतं. पुढं जाऊन थांबले आणि पाणी प्यायले.

हे "काही" मध्ये धरायचं का? ओरखडा नाही. मी धरत नाही.

अक्कासाठी मेथीची भाजी नेली होती. निवडत बसलो दोघी.

२३ नोव्हें., रवि.
आज कुणाशी बोलले? दूधवाल्याला "एकच" म्हटलं. मांजराला हाकललं. बास. संध्याकाळी गाडीत जाऊन बसले, कुठं जायचं नव्हतं. बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ चालू ठेवते असं स्वतःला सांगितलं. खरं तर तिथं बसलं की कुठंतरी निघाल्यासारखं वाटतं.

२७ नोव्हें., गुरु.
थंडी. सकाळी काच आतून अशी धुरकटली की हातरुमाल फिरवून दमले. गाडी उभी करून रफिकभाईला फोन. म्हणाला, एसी लावा. म्हटलं, थंडीत? "थंडीतच लावायचा. काच कोरडी व्हती. वर स्वेटर घाला की डबल." लावला. कुडकुडत गेले, पण रस्ता दिसला.

परत आल्यावर त्यानंच सांगितलेला दुसरा उपाय केला. दाढीचा साबण काचेला आतून चोळायचा नि कोरड्या फडक्यानं पुसायचा, म्हणजे वाफ धरत नाही. ह्यांची क्रीमची ट्यूब अजून आरशामागे आहे. टाकवली नव्हती. दाबली तर निघाली, वाळली नव्हती. काच पुसता पुसता सगळी गाडी ह्यांच्या वासानं भरली. मी दार लावून घेतलं आणि रडले. खूप दिवसांनी मोकळी रडले, पत्र्याखाली, फडकं हातात घेऊन.

काच चांगली निघाली.

११ डिसें., गुरु.
अक्का वाळलीय. मनगटातली पाटली कोपरापर्यंत घसरते. पोचल्याबरोबर आधी शुगर बघितली, ठीक. आंघोळ घातली, केस विंचरले, नखं काढली. मंगल सगळं प्रेमानं करते, पण अक्का तिला नखाला हात लावू देत नाही. "बेबी येईल तवा." मंगल हसत म्हणाली, "मावशी, तुमची वाट बघायला म्हनून जगल्यात त्या." ती कौतुकानं म्हणाली. मला परतीच्या वाटेवर ते वाक्य जड झालं.

२५ डिसें., गुरु.
निघाले तेव्हा समोरच्या गोठ्याचा दिवा दिसत होता, म्हणून निघाले. दिवा दिसला नाही तर निघायचं नाही, हा नियम. काटेवाडीपुढं सगळं पांढरं. खालचे पिवळे दिवे लावले, वरचे मंद. (लांबचा झोत टाकला की धुकं उलट डोळ्यात येतं.) दुसरा गिअर, कडेची पट्टी धरून, काच खाली. धुक्यात कान उपयोगी पडतो.

पुढं उसाची ट्रॉली लागली. मागं लाल कापड, रेडियमची एक पट्टी, आणि ट्रॅक्टरवर गाणं फुल्ल आवाजात. म्हटलं बरं झालं, सोबत झाली. अंतर राखून मागे मागे राहिले. पट्टी दिसेनाशी झाली तरी गाणं ऐकू येत होतं. गाणं वळलं, मी वळले. रस्त्याचं काम चालू आहे, नेहमीसारखी वाहतूक खालून वळवली असेल वाटलं.

गाणं थांबलं. मी थांबले. मागं एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, त्याच्या मागं आणखी. पुढं अपघात झाला की काय, म्हणून कान दिला. तेवढ्यात खिडकीशी कानटोपी घातलेलं एक तोंड.

"आज्जी, तुमी हितं कुठं?"

"शेळगावला."

"शेळगाव ऱ्हायलं तिकडं. ही कारखान्याची रांग हाय, काट्याची." मग गाडीत डोकावून, "आन् ऊस कुठाय तुमचा?"

धुक्यातून चहूबाजूंनी हसू आलं. माणूस एक दिसत नव्हतं.

मागं सरकायला जागा नाही. दोन्ही बाजूला बैलगाड्या. वजनकाट्यावरून पलीकडं निघायचं, दुसरी वाट नाही. बसले रांगेत. ऊसतोडीच्या एका बाईनं जाळावरचा चहा आणून दिला, "घ्या माय, गार पडलाव." कानटोपीवाला येऊन-जाऊन थट्टा करत होता. अखेर माझा नंबर लागला, गाडी काट्यावर चढली, खिडकीतल्या माणसानं डोकं बाहेर काढलं. "हे काय आनलंय?" कानटोपी म्हणाला, "आज्जी आनलीया सायेब, करा वजन." मी इतकी हसले की डोळ्यातून पाणी. एवढ्या माणसांत मिळून कधी हसले होते आठवत नाही. काय सांगू, निघू नये असं वाटलं.

शेळगावला पोचले आणि हसू वाळलं. अक्का खाटेवर आडवी, घामानं भिजलेली, डोळे अर्धवट. मंगल रडत होती. "साखरपानी पाजाय गेलं तर दात आवळून धरलं वं मावशी. बेबी आल्याबिगर न्हाय म्हनत्यात." हिरडीला साखर चोळली, थोडी थोडी पाजली. अर्ध्या तासानं ओळखीचं बघायला लागली. मी तिकडं रांगेत चहा पीत होते तेव्हा ही अशी पडली होती. ओळखलं तेव्हा म्हणाली काय, तर, "बेबे, तू जेवलीस?"

२६ डिसें., शुक्र.
मी काट्यावर, माझी गाडी, आणि मागून कुणीतरी म्हणतंय "आज्जीचं टनेज बगा". व्हिडिओ. पुण्यापर्यंत पोचला. नि. चा फोन.

"आई, हे काय आहे?"

म्हटलं, गंमत झाली. ओरखडा नाही, कुणाला लागलं नाही. ह्याला "काही" म्हणत नाहीत.

"मंगलवहिनीशी बोललो मी." मग म्हणाला, "मावशीला ते झालं ना, ते कशामुळं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठरलं होतं आपलं," म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. एक गिऱ्हाईक बघितलंय त्यानं. जानेवारीत सुट्टी काढून येतो म्हणाला.

१ जाने., गुरु.
धुकं. गोठ्याचा दिवा दिसला नाही. दार उघडून उभी राहिले, दिवा दिसायची वाट बघत. दिसला तेव्हा उन्हं आली होती. मंगलला काल सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत गोळी देऊ नको. दिली नाही. आता दर गुरुवारी असंच. हे आधी का सुचलं नाही? सिस्टर म्हणे!

ह्यावर नि. ला फोन करून सांगावं वाटलं, बघ, सुटला प्रश्न. पण त्याचा प्रश्न तेवढाच नाही, मलाही माहीत आहे. त्याला रोज सकाळी माझा फोन लागला नाही तर काय, हा त्याचा प्रश्न आहे.

८ जाने., गुरु.
नि. काल आला. सकाळी म्हणाला, "तू चालव. मी शेजारी बसतो." परीक्षाच. दोनदा गाडी बंद पडली, घराच्या दारातच. तो खिडकीबाहेर बघत राहिला, हे त्याचं चांगलं.

धुकं होतं पण पातळ. निमगावच्या बाजूनं ट्रॉल्या येत होत्या. एका वळणाशी रस्त्यात दगड. ट्रॉली पंक्चर झाली की मागच्यांना कळावं म्हणून आपले लोक दगड मांडतात, आणि पंक्चर निघालं की ट्रॉली जाते, दगड तसेच. दिसले तेव्हा उशीर झाला होता. रस्ता दवानं ओला. ब्रेक दाबून सोडला, दाबून सोडला, गाडी जरा आडवी झाली आणि थांबली. पहिला दगड बंपरच्या पुढ्यात.

इंजिनाचा आवाज. मग नि. उतरला. एकेक दगड उचलून कडेच्या चारीत टाकला. सगळे. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याला हात करून थांबवलं. परत येऊन बसला, हात मातीचे. "चल," म्हणाला.

वस्तीवर अक्का पुढच्या अंगणात. मला बघून नेहमीसारखी ओरडली, मग तिला तो दिसला. त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून न्याहाळलं. त्यानं हळूहळू, ओठ दिसतील असं, हातानं स्टिअरिंग धरून दाखवत विचारलं. गाडी. विकू?

तिला सगळं समजलं. एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या रानातला माणूस उभा राहिला. "इक! इकून टाक! लई धुकं पडतंय. हिला काय झालं म्हंजी? मी काय, हितं हायच. हिला पुन्याला घिऊन जा." आणि हे म्हणताना माझं मनगट तिनं धरलं होतं. तोंडानं विक म्हणत होती आणि हात सोडत नव्हती. पाटली माझ्या हाताला रुतली. मी सोडवायचा प्रयत्न केला नाही. जेवताना डाव्या हातानं धरून उजव्या हातानं जेवली. आंघोळीला उठवलं तेव्हाच काय तो सोडला.

नि. बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

परत येताना तो चालवत होता. मी वाटभर त्याच्या पायाकडं बघत आले. चांगला चालवतो. वरचे दिवे लांबचे लावले, मी खाली कर म्हटलं, केले.

९ जाने., शुक्र.
नि. सकाळी गेला. निघायच्या आधी गाडीभोवती फिरला, टायरची हवा बघितली, काचेच्या पाण्याची टाकी भरली. कुणाला द्यायची म्हणून की मला चालवायची म्हणून, चेहऱ्यावरून कळेना. लहानपणी मार्क सांगायच्या आधी असाच चेहरा करायचा. "फोन करतो," म्हणाला. गिऱ्हाइकाचं काही बोलला नाही. मी काढलं नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत.
शेजारणी येऊन गेल्या, तिळगूळ ठेवून. गोड गोड बोला म्हणाल्या. कुणाशी, ते सांगून गेल्या नाहीत. अक्कासाठी तिळाची चिक्की केली होती, तिला गोड चालत नाही हे करून झाल्यावर आठवलं. मंगलची पोरं खातील.

नि. चा फोन आला. सणाचं बोलला, सून बोलली, नातू बोबडं बोलला. गाडीचं नाही. ठेवताना एवढंच, "उद्या धुकं आहे म्हणतात." मी हं म्हटलं. तोही हं म्हणाला.

मग गाडी पुसायला बाहेर जाताना खुंटीकडं लक्ष गेलं. गाडीच्या दोन किल्ल्या, कायम एकाच कडीत असतात. एकच आहे. त्यानं कडी उघडून एक काढून नेलीय आणि दुसरी नीट परत अडकवून ठेवलीय. गाडी आपली आहे असं गिऱ्हाइकाला दाखवायला नेली असेल. किंवा मी कुठं अडकले तर यायला हवी म्हणून. न्यायचीच तर दोन्ही न्यायच्या होत्या. ठेवायच्याच तर दोन्ही ठेवायच्या होत्या.

विचारायला फोन हातात घेतला. नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. विचारलं तर तो सांगेल.

मंगलला फोन केला. म्हटलं, सकाळी गोळी देऊ नको, मी येईपर्यंत.